कापडी बाळांची तीट

अनुसूया टेंबे यांच्याकडे तान्ह्या बाळाचे कपडे शिवायला टाकायचे, ते बाळ जन्मल्यावर. पोटातल्या जिवासाठी सुई उचलायची नाही, असा झाशीतल्या जुन्या मराठी घरांचा नियम होता. मूल पहिले काही दिवस धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यात राहायचं, आणि बारशाच्या आत कुंची, टोपडी, दुपटी तयार व्हायला लागायची. त्यामुळे अनुसूयाबाईंचं काम कायम घाईचं. ओरछा गेटजवळच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पायमशीन होतं. ते दुपारभर थांबलं नाही की शेजारणी खिडकीतून विचारत, किसके यहाँ हुआ?

त्या मूळच्या गुरसरायच्या. त्यांच्या घराण्यातलं कुणी तरी जहागिरीच्या दफ्तरात कारकुनी करायला दक्षिणेतून आलं होतं. जहागीर गेली, दफ्तर गेलं. आडनाव आणि घरातली मराठी राहिली. लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा त्यांना शिवण येत होतं, हिंदी लिहिता-वाचता येत होती, मराठी फक्त बोलता येत होती. यजमान वामनराव वीज खात्यात कारकून. मुलगा मार्तंड बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत, गाद्यांचा फोम कापणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर. तो सकाळी घराबाहेर पडताना 'आई, मी निकलतो, देर होईल' असं म्हणायचा आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

रुग्णालयाशी त्यांचा संबंध १९८८ साली आला, एका मोडक्या बाहुल्यामुळे. शहरातल्या एका रुग्णालयात डॉक्टर आणि नर्स शिकून तयार होत. तिथल्या प्रसूती विभागात एक रबरी बाळ होतं. कमरेच्या हाडांच्या सांगाड्यात ते ठेवायचं, वर चादर टाकायची, आणि शिकणाऱ्या मुलीने न बघता बोटांनी चाचपून बाळ कसं आहे ते सांगायचं. झाशीच्या उन्हाळ्यात रबर चिकट झालं आणि मानेशी फाटलं. नवं परदेशातून मागवावं लागणार होतं. विभागप्रमुख डॉ. शकुंतला निगम यांनी ते शिवून मिळतं का पाहायला एका सिस्टरला बाजारात पाठवलं. एक-दोन शिंपी हसले. पुढच्याने ओरछा गेटचा पत्ता दिला.

अनुसूयाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. रबर शिवलं जात नाही, पण कापडाचं करून देईन, असं सांगितलं. त्यांनी केलेलं पहिलं बाळ बाहुलीसारखं होतं. गोल चेहरा, लांब पापण्या, लाल ओठ, चेंडूसारखं डोकं. डॉ. निगम यांनी ते परत पाठवलं. दुसरंही पाठवलं. मग त्यांना विभागातच बोलावून घेतलं आणि नुकत्याच जन्मलेल्या एका मुलाच्या डोक्यावरून हलकेच बोट फिरवायला लावलं.

जन्मताना कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात. त्यांच्यामधल्या फटी बोटाला लागतात; पुढच्या बाजूला मोठी चौकोनी टाळू, मागच्या बाजूला लहान त्रिकोणी खळगा. या खुणांवरून डॉक्टर ओळखतात, की बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे आहे की पोटाकडे. पाठीकडे असलं तर सहसा सरळ प्रसूती होते. पोटाकडे असलं तर कळा लांबतात, बाळ अडू शकतं. गावच्या आरोग्यकेंद्रात अशी बाई आली तर तिथल्या नर्सने हे वेळेत ओळखून तिला शहरात पाठवायचं असतं. बाईचा रक्तदाब आधीच चढलेला असेल, तर उशीर तिलाही झेपत नाही आणि बाळालाही. डॉ. निगम यांचं सगळं शिकवणं या एका मुद्द्याभोवती फिरत असे: जोखमीची बाई ओळखा आणि पाठवा.

तिसऱ्या बाळाच्या डोक्यात अनुसूयाबाईंनी तेलाच्या प्लास्टिकच्या कॅनचे तुकडे कवटीच्या हाडांसारखे कापून, मध्ये फटी सोडून बसवले. आत मार्तंडने कारखान्यातून आणलेले फोमचे तुकडे भरले. वरून मलमलीचं दुहेरी कापड ओढून घेतलं. डॉ. निगम यांनी ते उजेडात हातात घेऊन, फटी आणि टाळू बघून पसंत केलं.

त्या बाळाला तीट होती. अनुसूयाबाईंच्या माहेरी तीट गालावर लावत नसत, कारण गालाची तीट मुके घेणारे पुसून टाकतात. ती कपाळाच्या अगदी वर, केस सुरू होतात तिथे, टाळूला जवळजवळ लागून लावायची. काजळ इथे साबणाच्या पाण्यात टिकलं नसतं, म्हणून त्यांनी काळ्या दोऱ्याची मोहरीएवढी गाठ मारली होती.

"अम्मा, इन्हें किसकी नज़र लगेगी?" डॉ. निगम यांनी विचारलं.

"जितनी लड़कियाँ हाथ लगाएँगी, सबकी."

सिस्टर हसल्या. तीट राहिली. त्यानंतर त्या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कापडी बाळाला ती होती. बाळाच्या आकाराची वस्तू तिटेवाचून उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हे अनुसूयाबाईंनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्याला कारण होतं.

त्यांची सून बकुळा ग्वाल्हेरची. पहिल्या खेपेला ती रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी गेली. तिथे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. उन्हाळा आहे, होतं असं, म्हणून दोन्हीकडचे थांबले. मग झटके आले. ती वाचली, मूल वाचलं नाही. दुसऱ्या खेपेला ती झाशीतच राहिली, एका खासगी दवाखान्यात नाव घातलं, आणि आठव्या महिन्यात एके सकाळी मूल पोटात हलेनासं झालं. १९९१ च्या सुरुवातीला तिला पुन्हा दिवस राहिले. तिची आई ग्वाल्हेरहून न्यायला आली तेव्हा अनुसूयाबाईंनी नकार दिला. बकुळा डॉ. निगम यांच्याच हाताखाली राहील, असं त्यांनी सांगितलं, आणि विहीणबाईंना एक शब्दही दिला: तिथल्या पोरी माझ्या बाळांवर शिकल्यात, तुमची मुलगी ओळखीच्या हातांत आहे.

विभागात जोखमीच्या बायकांची ओपीडी आठवड्यातून एकदा भरे. बकुळाचा रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी दर खेपेला होई. अनुसूयाबाई बरोबर जात. गोळ्या कधी घ्यायच्या, मीठ किती, कुठल्या कुशीवर निजायचं, हे त्या बकुळापेक्षा नीट ऐकत.

याच वर्षी विभागात कापडी बाळांचं काम वाढलं. डॉ. निगम एक अभ्यास करत होत्या. आसपासच्या जिल्ह्यांतल्या केंद्रांवरच्या नर्सना तुकड्या-तुकड्यांनी बोलवायचं, आल्या दिवशी चादरीखाली परीक्षा घ्यायची, शिकवायचं, जाताना पुन्हा परीक्षा घ्यायची. येताना निम्म्याहून जास्त मुली चुकत. जाताना जवळजवळ कुणीच चुकत नसे. जाताना प्रत्येकीला सरावासाठी एक बाळ बरोबर मिळे. लखनौच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडायचे ठरले होते आणि आरोग्य खात्यातले लोक आणखी जिल्ह्यांसाठी बाळं मागत होते. पुढच्या खोलीत कापडी हातपाय, धडं, डोकी यांचे वेगवेगळे ढीग लागले. घरात पोटुशी सून असताना हे बरं दिसत नाही, असं वामनराव एकदा जेवताना म्हणाले. त्यावर अनुसूयाबाईंनी एवढंच उत्तर दिलं, की ही कुणाच्या जन्मासाठी शिवलेली नाहीत आणि प्रत्येकाला तीट आहे.

बकुळाला सातवा लागला त्या सुमारास एक गोष्ट उघडकीला आली.

गुरसरायकडच्या एका केंद्रातली दुर्गा अहिरवार नावाची नर्स त्या वेळच्या तुकडीत होती. चादरीखालच्या परीक्षेत तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. प्रसूतिकक्षात तिला एका बाईला तपासायला सांगितलं, तेव्हा बाळ सरळ आहे, तोंड पाठीकडे आहे, असं ती न अडखळता म्हणाली. तिच्यामागून डॉ. निगम यांनी तपासलं. बाळाचं तोंड पोटाकडे होतं आणि डोकं अडायला लागलं होतं. ऑपरेशन झालं, आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली. संध्याकाळी डॉ. निगम यांनी दुर्गाला खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना नवल वाटत होतं. इतक्या चांगल्या मुलीला हे कळलं कसं नाही?

"मैडम, गाँठ नईं मिली," दुर्गा तिच्या बुंदेलीत म्हणाली, "सो हमने कई कै सूधो है."

"कौन सी गाँठ?"

"जौन गुड्डा के मूँड़ में होत."

डॉ. निगम शिकवण्याच्या खोलीत गेल्या. एक कापडी बाळ तोंड पोटाकडे करून सांगाड्यात ठेवलं, चादर टाकली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतः चादरीखाली बोटं घातली. आजवर बाळ ठेवायचं काम त्यांचं आणि चाचपायचं काम मुलींचं होतं. टाळू सापडायच्या आधी बोटाला गाठ लागली. बाळ फिरवून ठेवलं, तर गाठ लागली नाही. गाठ असेल तर पोटाकडे, नसेल तर पाठीकडे. फटी आणि खळगे शोधायची कुणाला गरजच पडली नव्हती. एक तुकडी जाताना वसतिगृहात दुसरीला सांगून जायची, की गाँठ ढूँढ लेना. यात लबाडी आहे असं एकीलाही वाटलं नव्हतं. खऱ्या बाळाच्याही डोक्यावर तिथे काहीतरी टणक असेल, अशी दुर्गाची समजूत होती. आणि खऱ्या बाळाला गाठ नसते, म्हणून या मुलींच्या बोटांना प्रत्येक बाळ सरळच लागणार होतं.

त्या आपापल्या केंद्रांवर परत गेल्या होत्या. त्यांच्या सांगण्यामुळे किती बायकांना उशीर झाला, हे नंतरही कधी नीट कळू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. निगम ओरछा गेटला आल्या. गल्लीत जीप शिरत नाही, म्हणून एका बाळाला पिशवीत घालून चालत आल्या. त्यांनी जे सांगितलं ते अनुसूयाबाईंना आधी पटलं नाही. तीट कुणाचं वाईट करत नसते, असं त्या म्हणाल्या. डॉ. निगम यांनी वाद घातला नाही. शिवून ठेवलेली एक दुलई बाळावर टाकली आणि अनुसूयाबाईंचा हात तिच्याखाली नेला. आपण मारलेली गाठ त्यांना लगेच सापडली. त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला, आणि पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या घराचा.

"मेरी बहू को कौन देखेगा?"

"मैं देखूँगी."

"और आप न हुईं तो?"

डॉ. निगम यांनी खरं सांगितलं. त्या नसल्या तर त्यांचे ज्युनियर डॉक्टर बघतील, आणि शिकायला आलेल्या मुली. ज्युनियर डॉक्टरही आधी याच बाळांवर शिकलेले होते.

मग त्यांनी एक तोडगा सुचवला. गाठीऐवजी शाईचा ठिपका द्यावा, तो बोटाला लागणार नाही. बघते, असं अनुसूयाबाई म्हणाल्या. निघताना डॉ. निगम यांनी सांगितलं, की सगळ्या केंद्रांवरची बाळं परत मागवत आहेत आणि आजवरची आकडेवारी टाकून देणार आहेत. चूक बघणाऱ्यांची आहे, शिवणाऱ्याची नाही, असंही त्या म्हणाल्या. अनुसूयाबाईंना त्याने बरं वाटल्याचं दिसलं नाही.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. वामनरावांनी बकुळाला ग्वाल्हेरला पाठवायचं ठरवूनच टाकलं होतं. ते शांत स्वभावाचे गृहस्थ. आवाज चढवत नसत, पण टोचून बोलत.

"विहीणबाईंना काय सांगितलं होतंस? ओळखीचे हात," ते म्हणाले. "आता ओळख पटली."

मार्तंड आईकडे बघेना. बकुळा आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडून होती. तिथूनच तिने उत्तर दिलं.

"ग्वाल्हेरच्या डॉक्टर कशावर शिकल्यात ते आपल्याला ठाऊक नाही, बाबा. इथली चूक निदान सापडली तरी."

दोन मुलं गमावलेल्या बाईचं हे म्हणणं होतं. जाण्याचा विषय तिथे संपला. ग्वाल्हेरला मात्र अनुसूयाबाईंनी काही कळवलं नाही. आपला शब्द खोटा पडला हे विहीणबाईंना सांगायचं, की बकुळा सुटेपर्यंत थांबायचं, यातलं त्यांनी दुसरं निवडलं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली. बकुळाला हात लावणारी मुलगी काय सांगेल, आणि ते खरं असेल का.

परत मागवलेली बाळं बसने, जीपने, कुणाच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून येऊ लागली. काहींची कापडं मळली होती, एकाचा पाय उंदराने कुरतडला होता. अनुसूयाबाईंनी एका बाळावर शाईचा ठिपका देऊन पाहिला. साबणाच्या पाण्यात तो फिका पडला. पुन्हा पुन्हा लावावा लागणार होता आणि लावायला तिथे कोण बसलं होतं? त्यांनी शाईची बाटली ठेवून दिली आणि ब्लेड घेतलं. घरात गर्भार बाई असताना बाळांच्या कपाळावरची तीट खुडून काढायची, याला त्यांच्या माहेरी अपशकुन म्हटलं असतं. बाळंतपण होऊ दे, मग कर, असं वामनराव म्हणाले. तोवर त्या पोरी कशावर शिकतील, असं विचारून त्या कामाला लागल्या. त्या सकाळी बसत आणि स्वयंपाकाच्या वेळेला उठत. गाठ कापायची, दोऱ्याचे धागे ओढून काढायचे, मलमलीला पडलेलं भोक आतून रफू करायचं, मग डोळे मिटून वरून बोट फिरवायचं. बोटाला रफू लागलं तर पूर्ण डोक्याचं कापड बदलायचं. बकुळा पडल्या पडल्या बघत असे. एकदा तिने मदत करू का विचारलं. सुईला हात लावायचा नाही, असं सासूने दरडावलं.

तुकड्यांचं शिक्षण नव्याने सुरू झालं. दुर्गालाही पुन्हा बोलावलं गेलं. या खेपेला जातानाच्या परीक्षेत पहिल्यासारखे गुण कुणालाच पडेनात. मुली वैतागल्या. गुड्डा बिगड़ गओ, अशी तक्रार त्यांनी सिस्टरकडे केली.

आठव्या महिन्याच्या शेवटी बकुळाचा रक्तदाब गोळ्यांना दाद देईना. डॉ. निगम यांनी तिला दाखल करून घेतलं. जितके दिवस पोटात वाढवता येईल तितकं वाढवायचं, आणि आईला धोका दिसला की थांबायचं नाही, असं त्यांनी अनुसूयाबाईंना समजावलं. नववा लागून काही दिवस गेले आणि त्यांनी कळा आणायचं ठरवलं. सकाळी सुरुवात झाली. दुपारपर्यंत कळा जोरात होत्या, पण बाळ खाली सरकत नव्हतं.

कक्षात त्या दिवशी शिकणाऱ्यांपैकी दुर्गा होती. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या रीतीप्रमाणे आधी शिकणारीने तपासायचं, तिचं उत्तर ऐकायचं, मग डॉक्टरने तपासायचं. बाई नको म्हणाली तर मात्र तपासायचं नाही. बकुळाला तुमच्याशिवाय कुणी हात लावू नये, असं अनुसूयाबाईंनी डॉ. निगम यांना आधीच सांगून ठेवलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या सासूच्या देखत डॉ. निगम यांनी बकुळालाच विचारलं. बकुळाने एका कळेचा भर ओसरू दिला.

"देखने दीजिए," ती म्हणाली.

अनुसूयाबाईंना बाहेर जायला सांगण्यात आलं.

व्हरांड्यात त्या बाकावर बसल्या नाहीत. काही वेळाने दुर्गा बाहेर आली. तिला ऑपरेशन थिएटरला निरोप द्यायला पाठवलं होतं. अनुसूयाबाईंनी तिची वाट अडवली आणि काय मिळालं ते विचारलं.

"कछू नईं मिलो, अम्मा. मूँड़ पै सूजन है. फाँक समझ में नईं आई."

"मैडम को क्या बोला?"

"जेई बोलो. समझ में नईं आ रओ."

अनुसूयाबाईंचा इतक्या आठवड्यांचा धीर तिथे सुटला. इतनी गाँठें निकालीं, कपड़ा बदला, और तूने यही सीखा? असं काहीसं त्या बोलल्या. दुर्गा वयाने मार्तंडपेक्षा लहान होती. तिने मान खाली घातली नाही.

"तो झूठ बोल देते का?" तिने विचारलं आणि ती थिएटरकडे पळाली.

पाठोपाठ बकुळाला स्ट्रेचरवरून नेलं. अनुसूयाबाई बाजूने थोडं अंतर चालल्या. मार्तंड बिजौलीहून येईपर्यंत मुलगी झाली होती. दोन किलोपेक्षा थोडी जास्त, रडायला जरा वेळ लावलेली. बकुळाचा रक्तदाब अजून वर होता आणि झटक्यांची भीती पुढचे काही दिवस राहणार होती, पण ती शुद्धीत होती. डॉ. निगम हे सगळं सांगून थांबल्या. अनुसूयाबाईंनी बाळाचं तोंड कुठे होतं, एवढं विचारलं.

पोटाकडे होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. डोक्यावर सूज आल्यामुळे त्यांनाही तपासताना खात्री नव्हती. वाट बघितली असती तर कळलं असतं, पण बकुळाकडे तेवढा वेळ नव्हता, म्हणून दोघींपैकी कुणालाच कळत नाही याच आधारावर त्यांनी ऑपरेशन ठरवलं. मग त्यांनी हातातल्या ऑपरेशनच्या टोपीची घडी घालत आणखी एक गोष्ट सांगितली.

"गाँव में अकेली बैठी लड़की को जवाब नहीं देना है, अम्मा. बस टाइम पर भेजना है. उस गाँठ ने सबको जवाब देना सिखा दिया था."

अनुसूयाबाई दुर्गाला शोधायला गेल्या. ती नळाशी रबरी मोजे धूत होती. लड़की हुई है, असं त्यांनी तिला सांगितलं. दुर्गाला ते ठाऊक होतं. थिएटरमध्ये बाळ पुसून कपड्यात गुंडाळणारी तीच होती. अनुसूयाबाईंनी बकुळाजवळ आजची रात्र कोण आहे ते विचारलं. दुर्गाचीच पाळी होती. मग ठीक, असं म्हणून त्या घरी गेल्या, आणि बकुळा दाखल झाल्यापासून पहिल्यांदा स्वतः व्हरांड्यात निजायला आल्या नाहीत, मार्तंडला पाठवलं.

बकुळाला झटके आले नाहीत. ती मुलीला घेऊन घरी आली त्यानंतरच ग्वाल्हेरच्या विहीणबाईंना सगळं सांगण्यात आलं, गाठींसकट. त्या म्हणाल्या, बरं झालं आधी कळवलं नाहीत, मी ओढून नेली असती.

लखनौच्या परिषदेत डॉ. निगम यांनी जुनी आकडेवारी शेवटी टाकून न देता दोन्ही आकडे मांडले, गाठीसह आणि गाठीविना. दुसरे बरेच कमी होते. आणखी जिल्ह्यांसाठी बाळं मागवायची आरोग्य खात्याची घाई त्यामुळे ओसरली. काही वर्षांनी सिलिकॉनची बाळं आली आणि अनुसूयाबाईंकडचं ते काम हळूहळू बंद झालं. त्या पुन्हा कुंच्या-टोपड्यांकडे वळल्या, मग नजर कमी झाल्यावर तेही थांबलं. आज त्या नाहीत. विभागात मात्र त्यांचं एक कापडी बाळ अजून वापरात आहे.

ते त्यांनी बकुळा बाळंत झाल्यानंतरच्या हिवाळ्यात केलं. डॉ. निगम यांनी एक विचित्र मागणी केली होती: चाचपून कुणालाच कळणार नाही असं बाळ हवं. अनुसूयाबाईंनी डोक्यावरच्या कापडाखाली फोमची एक चकती अशी बसवली, की फटी आणि टाळू सगळं झाकलं जाईल, सुजलेल्या डोक्यासारखं. इतर बाळांमध्ये हे एक मिसळून ठेवायचं. त्याचं बरोबर उत्तर एकच होतं, कळत नाही, पाठवा. मुलींना ते देणं फार जड जाई. बऱ्याच जणी काही तरी ठोकून देत आणि नापास होत.

एकदा अनुसूयाबाई उसवलेलं एक बाळ शिवून परत द्यायला विभागात आल्या होत्या. ललितपूरकडच्या एका मुलीने त्यांना जिन्यापाशी गाठलं. बाकी सगळी जमली होती, या एकाच बाळाने तिला अडवलं होतं. आजूबाजूला सिस्टर नाही असं बघून त्याचं तोंड कुठे आहे ते तिने हळूच विचारलं, "अम्मा, सच्ची बताओ. बा को मों कितै है?"

"मुझे नहीं पता, बेटा," अनुसूयाबाई म्हणाल्या.

मुलीला ते खरं वाटलं नाही. पण ते खरंच होतं. त्या बाळाला त्यांनी तोंड केलंच नव्हतं. डोकं दोन्ही बाजूंनी सारखं शिवलं होतं.